चाकाची कंदुरी

ती घटना आठवली की आजही माझ्या कपाळाची शीर तटतटते. नोकरीची वर्षं पुरी न करताच मी वर्दी उतरवली. आता मराठवाड्यातल्या बसस्टँडांवर उभा राहून अपघातग्रस्तांसाठी पत्रकं वाटतो. ओळखीचे लोक म्हणतात, माजी फौजदाराला हे शोभत नाही. खात्यात जे चालतं ते शोभतं का, असं मी विचारलं की तेच लोक बस आली म्हणून निघून जातात.

कोणाचं नाव घेणार नाही. ज्यांचं नाव अभिमानाने घ्यावं अशी माणसं या प्रकरणात दोनच आहेत, आणि त्या दोघांना छापून येण्याची हौस नाही.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातूर जिल्ह्यात काही लोक अजून पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते आणि लातूर शहरात दर महिन्याला क्लासची नवी पाटी लागत होती. एसटीच्या टपावर ट्रंका आणि गाद्या बांधून बाप आपली पोरं तिथे आणून सोडत. पोरगा डॉक्टर झाला पाहिजे, बस. या लाटेवर जे मोठे झाले त्यात एक सर होते. भूकंपात आईबाप गेलेली काही लेकरं त्यांनी आपल्या वसतिगृहात ठेवून घेतली होती. चांगलं काम होतं ते, मी नाकारत नाही. पण त्या लेकरांसोबतचा फोटो त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत असायचा. सरांची सकाळची बॅच लातूरला आणि संध्याकाळची नांदेडला. दोन्हीच्या मध्ये आमच्या ठाण्याची हद्द, आणि त्या हद्दीतून जाणारा, खड्ड्यांनी भरलेला रस्ता.

मी त्या ठाण्यात बदलून आलो तेव्हा अपघात जुना झाला होता. मुखेडचे एक टेलर मास्तर शिवलेले कपडे लुनाला बांधून आमच्या हद्दीतल्या आठवडी बाजाराला येत. बाजार उठल्यावर परत जाताना, दिवस मावळतीला, दर्ग्याच्या टेकडीखालच्या वळणावर त्यांना मागून गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. मास्तरांचा उजवा पाय नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गुडघ्याखाली कापावा लागला. काही दिवसांनी गुन्ह्यात एका जीपचा नंबर आला, जीपचा ड्रायव्हर हजर झाला, त्याने कबुली दिली, दोषारोपपत्र गेलं. त्या जीपच्या विमा कंपनीविरुद्ध मास्तरांनी भरपाईचा दावा लावला. कागदावर सगळं कसं स्वच्छ!

मग कंपनीने आपला तपासनीस पाठवला. त्याने शोधून काढलं की अपघाताच्या दिवशी ती जीप गॅरेजमध्ये होती, इंजिन उतरवलेलं. कंपनीने थेट आमच्या वरिष्ठांकडे तक्रार केली: टेलर, जीपमालक आणि ड्रायव्हर यांनी संगनमताने खोटा दावा केला आहे.

तो कागद ठाण्यात आला आणि आमच्या निरीक्षक साहेबांनी तो माझ्यापुढे सरकवला. "टेलरला उचल. जबाब घे, फसवणुकीचा गुन्हा दाखल कर. जीपवाले नंतर बघू."

पाय गेलेला माणूस आधी. जीपवाले नंतर. हा क्रम लक्षात ठेवा. आपल्याकडे सगळ्या तपासांचा क्रम हाच असतो.

मी आमच्या जमादारांना घेऊन मुखेडला गेलो. जमादार म्हणजे नोकरीत केस पिकलेला माणूस. मास्तरांच्या दारात त्यांची बायको उभी होती. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची. तिने माझ्या खांद्यावरचे स्टार बघितले आणि म्हणाली, "आओ साब. पाय तर गेला. बाकीचा माणूस उचलायला आलात का?"

"चाची, फक्त जबाब घ्यायचाय," जमादार म्हणाले.

"दवाखान्यात घेतला, कोर्टात घेतला. अजून किती जबाब हायेत त्यांच्यात? ऊस हाय का तो, चरकात घालून राहिलेत?"

जमादार हसले. मी नाही हसलो. आत मास्तर मशीनवर बसले होते. पायाने चालवायचं शिलाई मशीन दोन पायांचं असतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एका पायाने पायडल मारलं की चाक मध्येच उलटं फिरतं आणि दोरा तटकन तुटतो. म्हणून चाची शेजारी बसून हाताने चाक फिरवायची आणि मास्तर कापड सरकवायचे. एका माणसाचं काम दोघं करत होते, आणि तरी एका माणसाइतकं होत नव्हतं.

मी विचारलं, "मास्तर, जीपचा नंबर तुम्ही स्वतः बघितला होता?"

"न्हाई साहेब. मागून उजेड आला आणि मग दवाखानाच."

"मग जबाबात कसा आला?"

"सरांनी सांगितला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सर दवाखान्यात आले होते. संत्री आणली होती. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, जीप माझ्या भावकीतली आहे, ड्रायव्हर घाबरून पळाला, मी त्याला हजर करतो. तुम्ही फक्त नंबर बघितला म्हणा, म्हणजे कंपनीकडून भरपाई मिळेल, पोरीबाळींचं होईल.

"तुम्ही विचारलं नाही, खरंच ती जीप होती का म्हणून?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, भूकंपातली लेकरं सांभाळलेला माणूस. लेकरं शिकवणारा माणूस. तो खोटा नंबर सांगंल, असं कुणाला वाटंल?"

मी लिहून घेत होतो आणि माझं पेन कागदात रुतत होतं. या जबाबावरून उद्या त्याच माणसाला मी आरोपी करणार होतो. भरपाई तर जाणारच होती, वरून लबाडीचा शिक्का. सही घ्यायला कागद पुढे केला तेव्हा चाचीने माझा हात धरला. पोलिसाचा हात असा कोणी धरत नाही.

"ठहरो साब. पिराच्या दारातली गोष्ट तुमच्या कागदात बसती का?"

"सांगा तर."

अपघाताच्या वळणावरच्या टेकडीवर दर्गा आहे. कंपनीची तक्रार कळल्यावर चाची तिथे गाऱ्हाणं घालायला गेली होती. तिथला मुजावर तिला धीर देत म्हणाला, रडू नकोस, या पिराच्या दारात मोठमोठे लोक येतात. लातूरचे क्लासवाले सरसुद्धा येऊन गेले. त्यांच्या मोटारीने इथेच, खालच्या वळणावर, माणूस उडवला होता. त्यांनी मोटारीची कंदुरी केली, तेव्हापासून मोटार सुखरूप आहे.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंदुरी म्हणजे दर्ग्यावर बकरं कापून लोकांना जेवू घालायचं. नवस बोललेला असतो किंवा काही निवारायचं असतं. हिंदू-मुसलमान दोघंही करतात. आमच्या भागात अशी समजूत आहे की गाडीने माणसाचं रक्त सांडलं तर ती पुन्हा मागते. म्हणून गाडी दर्ग्यावर न्यायची, कंदुरी करायची, आणि ज्या चाकाखाली माणूस आला त्या चाकाला बकऱ्याचं रक्त लावायचं. आणि कंदुरी गुपचूप होत नाही. जितके जेवतील तितकं पाप फिटतं म्हणतात.

"त्यानं चाकाला बकरं दिलं साब," चाची म्हणाली. "पिराला चादर दिली. आमच्या माणसाला काय दिलं? एक नंबर!"

मी बिनसहीचा जबाब तसाच घडी करून खिशात घातला आणि परत आलो. वाटेत जमादार म्हणाले, "साहेब, मुजावराचं ऐकून तपास होत नसतो."

"मग काय ऐकून होतो?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मुद्देमालाच्या खोलीत काचा पडल्यात. त्या दिवशी जागेवरून म्याच गोळा केल्या होत्या. तवा जीपबीप काय ठरलं नव्हतं."

ठाण्यातली मुद्देमालाची खोली म्हणजे हातभट्टीचे रिकामे कॅन, चोरीच्या मोटारी-पंपांचे सांगाडे आणि उंदीर. त्यातून आम्ही एक फडक्याची पुरचुंडी काढली. हेडलाइटच्या काचा. जमादारांनी त्या जमिनीवर मांडून जुळवल्या. त्यांना एक सरळ कड होती आणि एक काटकोन. जीपचा दिवा गोल असतो, वाचकहो! शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण आधीच्या तपास अधिकाऱ्याने त्या जीपचा गोल दिवा दगडाने फोडून घेतला होता, आरटीओची तपासणी करून घेतली होती, आणि या चौकोनी काचा खोलीत फेकून बढतीवर गेला होता.

टेकडीवर गेलो. मुजावर साधा माणूस, त्याला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "पांढरी मोटार होती. सर सोता आले होते. म्या सोता पुढच्या डाव्या चाकाला रगत लावलं. क्लासची सगळी मंडळी जेवली, खालच्या वस्तीवरचे लोक जेवले."

"जीप नव्हती?"

"जीपचं काय काम? ज्या चाकानं केलं त्याच चाकाला लागतं साहेब. दुसरी गाडी आणली तर उलटतं."

मी ठाण्यात येऊन निरीक्षक साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. वाटलं, शाबासकी देतील.

"माझं पोरगं सरांच्या बॅचला आहे," ते म्हणाले. "बारावीचं वर्ष आहे. कळतं का तुला? बारावीचं वर्ष!"

"मास्तरांचा पाय गेलाय साहेब."

"तो काय आता परत उगवणार आहे?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. त्या काळात लातूर-नांदेडकडे अर्धे अधिकारी, अर्धे डॉक्टर, अर्धे वकील असेच बांधलेले होते. लाच नको, धमकी नको. पोरगं बॅचला असलं की पुरे. मी एवढंच म्हणालो, मला टेलरवर गुन्हा दाखल करायला सांगितलंय, त्यासाठी जीपच्या ड्रायव्हरला विचारणं भागच आहे. यावर त्यांना नाही म्हणता येईना.

ड्रायव्हर आला. कागदावर जीपचा, एरवी सरांच्या क्लासची गाडी चालवणारा, कबुली देऊन जामिनावर सुटलेला. असल्या माणसाला मारून काही निघत नाही. तो गुन्हा आधीच कबूल करून बसलेला असतो. मारून अजून काय कबूल करून घेणार? जमादारांनी त्याला चहा दिला. मी अपघाताचं काहीच विचारलं नाही.

"दर्ग्यावरच्या कंदुरीला होतास?"

"होतो की."

"जेवलास?"

"कंदुरीला जाऊन उपाशी येतंय का कोण?" तो हसला.

"बकरं कसं होतं?"

"झकास होतं साहेब. लई दिवसांनी तसलं खाल्लं."

"बरं. माणूस तू उडवलास, जीपने. मग रगत सरांच्या मोटारीच्या चाकाला कसं लागलं?"

त्याने कप खाली ठेवला. जमादार त्याच्या जवळ वाकले आणि हळू म्हणाले, "लेका, सरांनी आपल्या मोटारीचं पाप फेडून घेतलं. तुझ्या अंगावर घातलेलं पाप कोण फेडणार? तुझी कंदुरी झाली का?"

तो रडायला लागला आणि सगळं सांगून मोकळा झाला. सर नांदेडच्या बॅचला उशीर झाला म्हणून स्वतः गाडी हाणत होते. मोटारीचा विमा कधीच संपलेला होता, भरायला वेळ मिळाला नव्हता. भावकीतल्या जीपचा विमा चालू होता. ड्रायव्हरला सांगितलं, दंडावर सुटशील, तुझ्या पोराला फुकट शिकवतो. पुन्हा तेच. पोरगं, बॅच, बारावी!

मग सर आले. सोबत वकील आणि दोन प्रतिष्ठित. पांढरा शर्ट, बोटांवर खडूची पूड. मी उभा राहिलो नाही. ते बसले आणि वर्गात बोलतात तसं बोलायला लागले.

"फौजदारसाहेब, तुम्ही शिकलेले आहात. शांतपणे विचार करा. यात टेलरचं नुकसान काय होतं? माझ्या गाडीला विमा नव्हता. जीपला होता. गरिबाला कंपनीकडून चांगली भरपाई मिळाली असती. मी त्याचं भलंच बघितलं."

"तुमच्या खिशातून द्यायची होती ना भरपाई."

"माझ्यावर किती लेकरांची जबाबदारी आहे, माहीत आहे ना? भूकंपात सरकार पोहोचायच्या आधी मी—"

"सर," मी म्हणालो, "कंदुरीला जीप का नाही नेली?"

 वकिलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोलिसांना जीप दाखवली. आरटीओला जीप दाखवली. कोर्टाला जीप दाखवली. मास्तरांच्या तोंडात जीप घातली. मग दर्ग्यावर पण जीपच न्यायची होती. बकऱ्याला काय कळणार होतं?"

सर खाली बघत म्हणाले, "तिथं तसं चालत नाही साहेब. पिराचं काम असतं ते."

"आणि आमच्याकडे चालतं?"

 वकीलच म्हणाला, माझ्या अशिलाने काहीही कबूल केलेलं नाही. खरं होतं. पण खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर ऐकू आलं होतं. आमच्याकडे चालतं. पोलीस ठाण्यात चालतं, कोर्टात चालतं, दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या माणसापुढे चालतं. फक्त जिथे बुडण्याची भीती वाटते तिथे चालत नाही.

मोटार त्यांच्या वसतिगृहामागच्या शेडमध्ये सापडली. एका बाजूचा दिवा नवा कोरा, दुसरा पिवळा पडलेला. आमच्या काचांचा काटकोन त्या दिव्याच्या चौकटीत नेमका बसला. दर्ग्यावर जेवलेल्यांचे जबाब घेतले. आधी कोणी बोलेना, सर म्हणजे देवमाणूस. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: जेवलात का? कंदुरीत जेवलो नाही असं खोटं सांगायला आमच्या भागात कोणी धजत नाही. एकदा जेवलो म्हटलं की कोणत्या गाडीची, हेही सांगावंच लागे.

पुरवणी दोषारोपपत्र गेलं. मास्तरांवरचा फसवणुकीचा आरोप टिकला नाही. न्यायाधिकरणाने सरांना दाव्यात ओढलं. कोर्टात सरांच्या वकिलाने मास्तरांना तासभर खोटारडा, खोटारडा म्हणून सोललं. शेवटी मास्तर कुबडीवर रेलून म्हणाले, "हाव साहेब. नंबर खोटा होता. पाय खरा होता." निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. भरपाई सरांनी स्वतः द्यायची.

आणि सरांनी ती दिली नाही!

तारखा घेतल्या, अपील केलं, अपील फेटाळलं गेलं, तरी दिली नाही. बकऱ्याचा हिशेब लगोलग मिटवणारा माणूस. अखेर वसुलीचा दाखला तहसीलला गेला आणि तहसीलच्या लोकांनी तीच पांढरी मोटार जप्त करून लिलावाला काढली. मी तोवर त्या ठाण्यात नव्हतो. निरीक्षक साहेबांच्या कृपेने नांदेडला नियंत्रण कक्षात वायरलेसपुढे बसलो होतो. पण रजा टाकून गेलो. बोली लावायला बरीच मंडळी जमली होती. मोटार चांगली होती. लोक येत, बॉनेट उघडत, आत डोकावत, मग पुढच्या डाव्या चाकाकडे बघत आणि मागे सरत.

अव्वल कारकून वैतागला. "अहो, बोला की कोणीतरी!"

एक म्हातारा पुढे झाला. "काय बोलू साहेब? हिची कंदुरी म्या खाल्लीय. घरला नेऊ का हिला?"

सगळे हसले. मोटार कोणी घेतली नाही. ज्या जेवणाने सरांनी पाप फेडलं त्याच जेवणाने तिची किंमत मातीत घातली होती.

मग तहसीलने दुसरा रस्ता धरला. लातूरच्या क्लासच्या मुख्य दरवाजावर जप्तीची नोटीस चिकटवली. दिवस ॲडमिशनचे होते. बाप लोक पोरांना घेऊन रांगेत उभे होते. एकाने ती नोटीस मोठ्याने वाचली आणि मागच्याला विचारलं, "अपघातग्रस्ताची भरपाई थकवली म्हणून? ह्याच सरांनी?" संध्याकाळ व्हायच्या आत भरपाई भरली गेली. सगळीच्या सगळी.

मी आनंदाने मुखेडला गेलो. मास्तरांच्या मशीनला विजेची मोटर बसली होती. चाक आता सरळ फिरत होतं, उलटं जात नव्हतं. चाचीचे हात मोकळे झाले होते. मी म्हणालो, "चाची, अखेर पायाची भरपाई मिळाली."

तिने माझ्यापुढे चहा ठेवला. "पायाची नको म्हणू बेटा. पायाला कोण भ्यालं? पिराला भ्याला तेव्हा बकरं दिलं. गिऱ्हाइकाला भ्याला तेव्हा हे दिलं. आम्हाला भिऊन काय दिलं, ते सांग."

 त्या आधीच्या तपास अधिकाऱ्याची चौकशी लागली होती, ती 'पुराव्याअभावी' बंद झाली. निरीक्षक साहेबांचं पोरगं मेडिकलला गेलं. ड्रायव्हरची नोकरी गेली. सरांच्या पाटीवरचा फोटो आजही आहे. मी राजीनामा लिहिला तो चाचीच्या त्या प्रश्नानंतर, आणि पोलिसात जायच्या आधी, तरुणपणी एका चळवळीत असताना लिहायचो तशी पत्रकं पुन्हा लिहायला लागलो.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. आपल्याकडच्या गुन्हेगाराला आपण काय केलंय हे नीट माहीत असतं. आपली कोणती गाडी, तिचं कोणतं चाक, इतकं नेमकं माहीत असतं. देवापुढे तो बिनचूक जबाब देतो. खोटं बोलण्याची जागा म्हणून त्याने आपल्याला निवडलेलं असतं, कारण आपली भीती वाटत नाही. ती वाटायला लावणं हे काम ना पिराचं आहे, ना फौजदाराचं. ते तुमचं-माझं आहे.

म्हणून माझ्या पत्रकाची पहिली ओळ अशी आहे: अपघातानंतर दवाखान्यात कोणी देवमाणूस संत्री घेऊन आला आणि तुमच्या तोंडात नंबर घालायला लागला, तर सही करू नका. संत्री खा. आणि त्याला म्हणा, आधी तुमची गाडी दाखवा, पुढचं डावं चाक बघायचंय.